स्टिअरिंग जड झाले म्हणून लगेच मोटर बदलू नका : या चुका टाळा

जुन्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झाले, की मोटर गेली असा निष्कर्ष काढून लोक ती मोटर ज्यावर बसवलेली असते तो स्टिअरिंगचा दांडा, म्हणजे कॉलम, थेट बदलायला निघतात. मोटर खराब होत नाही असे नाही. पण तिच्यापर्यंत वीज नीट पोहोचते का, हे न तपासता दिलेला हा निकाल मी इतक्या वेळा चुकीचा ठरलेला पाहिला आहे, की सुटा भाग हातात घेऊन आलेल्या माणसालाही मी आधी मोजमाप करायला लावतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे इंजिन बंद ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावणे आणि १२.६ व्होल्ट दिसले की वीजपुरवठा ठीक आहे असे मानणे. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग वळवले, तर लहान गाडीची मोटरसुद्धा ४० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढू शकते. गंजलेला जोड काही न वळवता मोजला तर निर्दोष दिसतो आणि भार आला की तिथेच व्होल्टेज गळते. ते ठरावीक पातळीखाली गेले की कंट्रोल युनिट मोटरची मदत बंद करते आणि दिवा लावते.

चौदा वर्षे वापरलेली एक हॅचबॅक माझ्याकडे आली, तेव्हा तिचा कॉलम एकदा बदलून झाला होता आणि तक्रार मात्र तशीच होती. बॅटरी नवी होती आणि स्टार्टर जोमाने फिरत होता, त्यामुळे विजेवर कोणालाच संशय आला नव्हता. स्टिअरिंग वळवताना हेडलाइट मंद होतात, ही गोष्ट मालकाने बोलता बोलता सांगितली आणि मी तिथूनच सुरुवात केली. इंजिन चालू ठेवून सोबतच्या माणसाला स्टिअरिंग वळवायला सांगितले, तेव्हा बॅटरीवर १३.२ व्होल्ट होते आणि युनिटच्या कपलरवर, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगवर, फक्त ९.६. पॉझिटिव्ह बाजूला ०.४ व्होल्टची गळती होती, पण बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये तब्बल ३.२ व्होल्ट दिसले. बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या (निगेटिव्ह जोडणीच्या) पट्टीचा लग, म्हणजे बोल्टखाली बसणारे टोक, रंगाखाली आतून गंजला होता. स्टार्टरची अर्थ वेगळ्या केबलने गिअरबॉक्सला जात असल्यामुळे तो शेवटपर्यंत तक्रारीविना चालत राहिला. पट्टी बदलली, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, आणि दिवा पुन्हा लागला नाही. काढून टाकलेल्या जुन्या कॉलममध्ये बहुधा काहीच दोष नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मी स्कॅनरने बिघाडाचे कोड वाचण्याआधीच ही दोन्ही बाजूंची गळती भाराखाली मोजतो, आणि कोणत्याही बाजूला अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले की पुढे जात नाही. स्टिअरिंगचा मोठा फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नये. तो नटाने आवळलेला असेल, तर नट ढिला आहे का हेही हाताने तपासावे.

दुसरी चूक यांत्रिक जडपणा विजेच्या माथी मारण्याची. टायरमधील हवा आधी तपासावी. नंतर पुढची चाके जॅकने उचलून, गाडी स्टँडवर भक्कम टेकवून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवावे. ते एखाद्या ठिकाणी अडत असेल, तर युनिव्हर्सल जॉइंट (कॉलमखालचा फिरता सांधा), स्ट्रटच्या (पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या) वरचे बेअरिंग किंवा रॅक (चाके वळवणारी दातेरी दांडी) यांच्याकडे वळावे. या पाच मिनिटांच्या परीक्षेचा कंटाळा करणाऱ्यांची मला खरोखर चीड येते, कारण घट्ट रॅकवर बसवलेली नवी मोटरही तेवढीच राबते आणि तापते.

केवळ इंजिनाचे कोड वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरमध्ये काही दिसले नाही, म्हणून स्टिअरिंग निर्दोष ठरत नाही.

कोड लिहून न घेता पुसू नयेत.

उभ्या गाडीत स्टिअरिंग बराच वेळ या टोकापासून त्या टोकाला फिरवले, तर मोटर तापू नये म्हणून युनिट स्वतःच मदत कमी करते. थंड झाल्यावर ती परत येत असेल, तर तो बिघाड समजू नये.

कॉलम काढावाच लागला, तर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडून गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे, कारण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असू शकते. चाके सरळ ठेवून स्टिअरिंग बांधून टाकावे. कॉलम सुटलेला असताना ते गरगर फिरले, तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅग आणि हॉर्नच्या तारांची गुंडाळी) तुटू शकते.

दुसऱ्या गाडीचा वापरलेला कॉलम आणून बसवला आणि गाडी एका बाजूला ओढू लागली, तर तिला लगेच अलाइनमेंटला नेऊ नये. मोकळ्या, सपाट जागी इंजिन बंद करून स्टिअरिंगचा फ्यूज काढावा आणि गाडी सावकाश चालवून पाहावी. स्टिअरिंग जड लागेल, पण चाकांशी त्याची यांत्रिक जोडणी कायम असते. ओढ थांबली, तर हाताचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरचे शून्य योग्य स्कॅनरने पुन्हा बसवून घ्यावे; ओढ तशीच राहिली, तरच टायर आणि अलाइनमेंट पाहावे.