जातमुचलका: या चुका टाळा

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना एक शब्द माणसांना किती पळवतो, ते रोज बघते. जातमुचलका. कलमं वकील बघून घेईल, तुम्ही आधी हा शब्द समजून घ्या. तो समजेपर्यंत तुमचं माणूस आत बसलेलं असतं.

सगळ्यात मोठा घोळ 'जात' या शब्दाचा. काही वर्षांपूर्वी मारामारीच्या केसमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक पोरगा धरला गेला. गुन्हा जामीनपात्र. दुपारी कोर्टानं जातमुचलक्यावर सोडायचा हुकूम केला. थोरला भाऊ तेवढं ऐकून बाहेर पडला तो गायबच. आधारची झेरॉक्स, फोटो सगळं त्याच्या पिशवीत, फोन बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, हातात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. "मॅडम, जातीचा दाखला पंधरा दिवसांनी मिळंल म्हणत्यात. तोवर त्याला आतच ठेवणार का?" तो सेतू केंद्राच्या रांगेत उभा होता! कोर्ट उठलेलं. सही झाली तिसऱ्या दिवशी सकाळी. दोन रात्री वाया गेल्या, त्या आजही मला टोचतात. तेव्हापासून हुकूम झाला की नातेवाइकाला समोर बसवून शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय मी दुसऱ्या कोर्टात जात नाही.

इथली 'जात' अरबीतली आहे, अर्थ स्वतः, व्यक्ती. 'जातीनं लक्ष घाला', 'जातीनं हजर राहा' म्हणतो ना, तीच. संस्कृतातून आलेल्या जातीशी तिचं नातं नाही. हिंदीवाले याच कागदाला 'निजी मुचलका' म्हणतात. 'मुचलका' हा शब्द तुर्की-मंगोल मुलखातला, फारसी दफ्तरांतून आपल्याकडे आला. अर्थ, लेखी हमी. म्हणजे जातमुचलका ही ज्याची त्यानं स्वतः लिहून दिलेली हमी. बातम्यांत 'वैयक्तिक जातमुचलका' लिहितात, ते एकच गोष्ट दोनदा सांगणं झालं.

दुसरी चूक पैशांची. '१५ हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका' असं वाचून लोक मंगळसूत्र गहाण टाकायला निघतात. थांबा. ही रक्कम आज भरायची नसते. तारखेला हजर राहिलो नाही तर भरीन, असं लिहून द्यायचं असतं. रोख भरायची असेल तर हुकमात तसं लिहिलेलं असतं. म्हणून हुकूम स्वतः वाचा, कुणीतरी सांगितलं यावर जाऊ नका. मी तो पक्षकाराला मोठ्यानं वाचून दाखवते, बाहेर कितीही घाई असो.

जातमुचलक्याला हमीदार लागत नाही, तेव्हा शेजाऱ्याला सातबारा घेऊन धावडवू नका. 'जामीन' हा शब्द मात्र मुळात माणसाचाच, अरबीत हमी घेणारा तो जामीन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा फरक व्याख्येतच आहे: हमीदाराशिवाय दिलेलं ते बंधपत्र, हमीदारासह दिलेलं ते जामीनपत्र.

हमीदार मागितला आणि मिळत नाही, मग उतावीळ मंडळी कोर्टाबाहेरचा भाड्याचा माणूस धरतात. मला या शॉर्टकटची चीड आहे. तो खोटा पत्ता देतो, पुढे तारीख चुकली की नोटीस परत येते आणि भोगतो आरोपीच. त्यापेक्षा अट शिथिल करायचा अर्ज द्या. १९७८ साली मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याकडे १० हजारांचा हमीदार मागितला होता. दिलेला हमीदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १ हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीन देता आला नाही, तर तो माणूस निर्धन समजून त्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडायची तरतूदही कायद्यात आहे. ती मागायला लाजू नका.

मुचलक्यावर सुटणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे.

चॅप्टर केसमधला, म्हणजे पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईतला मुचलका वेगळा, तो शांतता राखण्याचा.

घर बदललं तर नवा पत्ता कोर्टाला लेखी कळवा. तारीख मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल हरवतो. मी ती कागदावर लिहून देते आणि घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करायला सांगते.