उशिराचं विमान आणि उजव्या सीटवरचा नवा वैमानिक

बारामती, गोंदिया किंवा परदेशातल्या फ्लाइंग स्कूलमधून 200 तास पुरे करायचे, टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण) करायचं, सिम्युलेटरमध्ये इंजिन फेल्युअर हाताळायचं आणि मग लाइनवर, म्हणजे प्रवासी फेऱ्यांवर, यायचं. या सगळ्या वाटचालीत वेळेच्या दबावाची ओळख अशी कुणी करून देत नाही. तो हुकमाच्या रूपात येत नाही, म्हणून ओळखूही येत नाही. "नियम मोडा पण विमान काढा" असं ऑप्स कंट्रोल (कंपनीचा उड्डाण नियंत्रण कक्ष) कधीच म्हणणार नाही. फोन येतो तो असा: "सर, नवीन ईटीडी काय देऊ?" (ईटीडी म्हणजे निघण्याची अंदाजे वेळ.) ग्राउंड स्टाफ दारात येऊन विचारतो, "बोर्डिंग सुरू करू ना?" डिले कोड, म्हणजे उशिराचं कारण, कुणाच्या नावावर टाकायचा, यावर बे-वरच (विमान उभं करण्याच्या जागी) वाद होतो. नव्या माणसाच्या डोक्यात कर्जाचा हप्ता, प्रोबेशन आणि पुढची कमांड (कॅप्टनपद) असते. यातला एकही प्रश्न चुकीचा नसतो, पण ते सगळे मिळून दिवसभर एकाच दिशेने ढकलत राहतात.

यावर खात्रीचा उपाय एकच आहे. जिथे थांबायचं तो आकडा डोकं शांत असताना ठरवायचा आणि कॅप्टनसमोर मोठ्याने बोलायचा. ऐनवेळी मनात सुरू झालेली घासाघीस माणूस बहुतेक वेळा हरतो.

सुरुवात टर्नअराउंडपासून, म्हणजे दोन फेऱ्यांमधल्या तयारीपासून, करू. देशांतर्गत मार्गावर एअरबस ए320 ला बे-वर साधारण 30-35 मिनिटं मिळतात. आधीची फेरी 20 मिनिटं उशिरा आली की ती वेळ इथेच भरून काढण्याचा मोह होतो. प्रवासी उतरवणं, सफाई, इंधन आणि सामान यांचा वेग वैमानिकाच्या हातात नसतो. त्यामुळे काटछाट होते ती आपल्याच कामात. वॉकअराउंड (विमानाभोवती फिरून केलेली तपासणी) घाईने उरकतो, टेकऑफ डेटाची उलटतपासणी वरवर होते, ब्रीफिंग दोन वाक्यांत संपतं.

ब्रेकचं उदाहरण घ्या. दोन मिनिटं वाचवायला पहिल्याच एक्झिटने बाहेर पडायचं म्हणून जोरात ब्रेक मारले, तर बे-वर उभं राहिल्यावरही तापमान काही मिनिटं चढतच राहतं, कारण आतली उष्णता सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ए320 वर टेकऑफआधी ब्रेकचं तापमान 300 अंश सेल्सिअसच्या खाली हवं. ब्रेक फॅन चालू असतील तर मर्यादा 150 अंश, कारण फॅनची हवा सेन्सरला खरं तापमान कळू देत नाही. गरम ब्रेक घेऊन निघालं आणि टेकऑफ रद्द करायची वेळ आली, तर तेवढी ऊर्जा शोषायची ताकद ब्रेकमध्ये उरलेली नसते. शिवाय चाकं आत घेतल्यावर हायड्रॉलिक तेलाची गळती झाली तर आगीचा धोका. म्हणजे धावपट्टीवर वाचवलेली दोन मिनिटं बे-वर वीस मिनिटांना पडू शकतात. उतरण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये "पुढचा टर्न छोटा आहे, म्हणून दूरची एक्झिट आणि कमी ब्रेक" असं बोलून ठेवावं, अर्थात धावपट्टीची लांबी आणि तिची अवस्था परवानगी देत असेल तरच.

टॅक्सी करताना धावपट्टी बदलली किंवा सुधारित लोडशीट (वजनाचा तक्ता) आली, तर चालत्या विमानात डेटा भरू नका. थांबा, पार्किंग ब्रेक लावा, दोघांनी स्वतंत्रपणे आकडे काढा. अर्धवट तुटलेली चेकलिस्ट तुटली तिथून पुढे न नेता पहिल्या ओळीपासून वाचा. 20 ऑगस्ट 2008 रोजी माद्रिदहून निघालेलं स्पॅनएअरचं एमडी-82 फ्लॅप आणि स्लॅट (कमी वेगात जादा उचल देणारे पंखांचे भाग) बाहेर न काढताच टेकऑफला गेलं आणि 154 जण दगावले. विमान आधी एकदा तांत्रिक बिघाडामुळे बे-वर परतलं होतं, उशीर झाला होता. चेकलिस्ट झाल्या, पण त्या चूक पकडू शकल्या नाहीत, आणि जो इशारा वाजायला हवा तोही वाजला नाही.

एमईएलबाबतही (कोणते दोष असताना उडता येतं याची यादी) तेच. दुरुस्तीसाठी बी वर्गाच्या दोषाला 3 दिवस, सी वर्गाच्या दोषाला 10 दिवस मिळतात, म्हणून कागदावर विमान कायदेशीर असतं. पण एमईएलला आज संध्याकाळी मुक्कामी पाऊस आहे की नाही हे माहीत नसतं. ते आपण पाहायचं असतं आणि नकार देण्याचा अधिकार कॅप्टनकडे असतो.

इंधनाचा हिशोब तर मिनिटांतच करायची सवय लावा. होल्डिंगमध्ये, म्हणजे उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालताना, ए320 मिनिटाला साधारण 40 किलो खातं. 600 किलो जादा घेतलं म्हणजे 15 मिनिटं विकत घेतली. पावसाळ्यात मुंबईला याची किंमत कळते. 09/27 आणि 14/32 या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरता येते. एक जोरदार सर आली, दोन विमानांनी गो-अराउंड केला (उतरणं सोडून पुन्हा वर गेली) की मागची रांग होल्डमध्ये जाते. समजा पर्यायी विमानतळ अहमदाबाद आहे. तिथवर जायला 1,900 किलो आणि 30 मिनिटांचा फायनल रिझर्व्ह (शेवटचा राखीव साठा) 1,100 किलो धरला, तर डायव्हर्जनचा, म्हणजे तिकडे वळण्याचा, आकडा 3,000. हाताशी 4,200 असतील तर 1,200 किलो, म्हणजे 30 मिनिटं. हा आकडा उतरण सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहा आणि 3,400 ला "दहा मिनिटं राहिली" असं म्हणा. मुंबईहून सगळेच वळले की अहमदाबादला बे मिळत नाही, म्हणून आधी वळणाऱ्याची सोय बरी होते. हवामान तसंच असेल तर दोन प्रयत्नांनंतर तिसरा करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उद्याचं वेळापत्रक आजच्या लँडिंगवर कसं येऊन बसतं हे पाहायचं असेल, तर 7 ऑगस्ट 2020 च्या कोझिकोड अपघाताचा एएआयबीचा (विमान अपघात तपास संस्थेचा) अहवाल प्रत्येक नव्या वैमानिकाने मुळातून वाचावा. पाऊस, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडलेला, पहिला अप्रोच (उतरण्याचा प्रयत्न) सोडून दिलेला. दुसरा अप्रोच शेपटीच्या (मागून येणाऱ्या) वाऱ्यासह 10 क्रमांकाच्या धावपट्टीवर. 8,858 फुटांच्या ओल्या धावपट्टीवर विमान 4,438 फूट पुढे जाऊन टेकलं आणि पठाराच्या टोकावरून खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले. अहवालात एक मुद्दा ठळक आहे. कॅप्टनला दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून फेरी न्यायची होती. डायव्हर्ट झाले असते तर विश्रांतीचे तास बसले नसते आणि तिथे कॅप्टनची संख्या अपुरी होती. त्या रात्री दडपणाचा फोन कुणी करायची गरजच नव्हती, रोस्टरने ते काम आधीच केलेलं होतं.

त्याच अहवालात फर्स्ट ऑफिसरसाठी, म्हणजे उजव्या सीटवरच्या सहवैमानिकासाठी, आणखी एक धडा आहे. विमान तरंगत पुढे चाललेलं असताना आधी नुसतं "कॅप्टन" असं दबक्या आवाजात आलं आणि "गो-अराउंड" हा स्पष्ट शब्द त्यानंतर. तोवर उशीर झाला होता. मंगळूरला 22 मे 2010 रोजी फर्स्ट ऑफिसरने तीनदा गो-अराउंड म्हटलं, तरी अस्थिर अप्रोच चालूच राहिला आणि 158 जण दगावले. कॅप्टन त्या उड्डाणात बराच वेळ झोपला होता.

म्हणून भाषा आधीच ठरलेली असावी. ढगांत 1,000 फुटांवर आणि स्वच्छ हवेत 500 फुटांवर विमान स्थिर नसेल, म्हणजे वेग ठरलेल्या पट्ट्याबाहेर, उतरण्याचा दर मिनिटाला 1,000 फुटांहून जास्त किंवा लँडिंग चेकलिस्ट अपुरी असेल, तर "अनस्टेबल, गो-अराउंड" एवढंच म्हणायचं. "सर, थोडं फास्ट वाटतंय" हे वाक्य 3,000 फुटांवर चालतं, 500 वर नाही. आदर दाखवायला बे-वर भरपूर वेळ मिळतो. दोन स्पष्ट कॉलना उत्तर आलं नाही तर कंपनीच्या एसओपीनुसार (ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार) कंट्रोल घ्यायचे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार सुमारे 97 टक्के अस्थिर अप्रोच तसेच लँडिंगपर्यंत नेले जातात. म्हणजे आजूबाजूचे सगळे उतरताना दिसतील, आणि गो-अराउंड म्हणणाऱ्याला आपणच वेगळे आहोत असं वाटेल. ते वाटू द्या.

आता थकवा. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) जानेवारी 2024 च्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर गेली, रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते सकाळी 6 अशी झाली आणि रात्रीची लँडिंग 6 वरून 2 वर आली. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या मोठ्या संख्येने फेऱ्या रद्द झाल्या आणि रात्रीच्या ड्युटीच्या काही अटींतून तात्पुरती सूट दिली गेली. यातून नव्या माणसाने एवढं ओळखावं की मर्यादा ही शेवटची रेघ असते आणि रोस्टर बऱ्याचदा त्या रेघेला चिकटून आखलेलं असतं. कायदेशीर असणं आणि ताजंतवानं असणं यांत पहाटे तीनला फार अंतर असतं.

रिपोर्टिंगच्या आधी अंगात त्राण नसेल तर फोन लवकर करा. चार तास आधी कळवलं तर स्टँडबाय (राखीव वैमानिक) निघतो, चाळीस मिनिटं आधी कळवलं तर फेरीच अडकते आणि मग बोलणं कठीण होतं. फोनवर "फटीग" हाच शब्द वापरा. भीड पडून "बरं नाही" म्हटलंत तर नोंद आजारपणात जाते, आणि तो रोस्टर पॅटर्न थकवणारा आहे हे आकडेवारीत कधीच दिसत नाही. त्याच दिवशी फटीग रिपोर्ट भरा. त्यात गेल्या 24 आणि 48 तासांत प्रत्यक्ष किती झोप झाली, किती वाजल्यापासून जागे आहात, हॉटेल ते विमानतळ किती वेळ लागला आणि मागच्या ड्युटीत मध्यरात्रीनंतर किती लँडिंग झाली, हे लिहा. "खूप दमलो होतो" यावर कुणी काही करू शकत नाही. "48 तासांत 7 तास झोप" यावर करता येतं. रिपोर्टची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि उत्तर आलं नाही तर त्या प्रतीसह पुन्हा विचारा.