रंगीत हार्डकोर रेकॉर्ड जमवायच्यात? आधी डेड वॅक्स वाचायला शिका

सोलापुरात गोरिला बिस्किट्सच्या रेकॉर्ड जमवतो म्हटलं की लोक विचारतात कुठल्या बेकरीची. असो. न्यूयॉर्कचा हार्डकोर, म्हणजे वेगवान, आक्रमक पंक वाजवणारा बँड आहे, १९८८ ची सात इंची छोटी रेकॉर्ड आणि १९८९ चा 'स्टार्ट टुडे' अल्बम, दोन्ही रेव्हलेशन रेकॉर्ड्स या कंपनीचे. त्यातला 'स्टार्ट टुडे' तर कितीदा परत छापलाय आणि तबकडीच्या कितीतरी रंगांत, सगळं घ्यायला गेलात तर घर विकावं लागेल बे. म्हणून एकच बँड धरा, त्यातली पण एकच रेकॉर्ड, आणि तिचेच रंग जमवा.

आता मेन गोष्ट. नुसता रंग बघून पैसे टाकू नका. तोच लाल दोन वेगळ्या प्रेसिंगमध्ये, म्हणजे छपाईच्या खेपांमध्ये, असू शकतो, वर फोटोत जांभळा निळा दिसतो तो वेगळाच ताप. मी एकदा जुना लाल समजून मोजून पैसे दिले आणि निघाला नवा छापलेला, चूक माझीच, विचारलंच नव्हतं. गाणी संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते तिला डेड वॅक्स म्हणतात, तिथं नंबर कोरलेले असतात, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की उमटतात. विकणाऱ्याकडून त्याचाच फोटो मागायचा आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर त्या प्रेसिंगच्या नोंदीशी जुळवायचा. फोटो द्यायला कां-कू करत असेल तर सोडून द्या. आणि हो, मायनर थ्रेट या दुसऱ्या हार्डकोर बँडच्या १९८१ च्या पहिल्या सात इंचीत प्रेसिंगगणिक कव्हरचा रंग बदललाय, त्यामुळं 'लाल मायनर थ्रेट' दिसली की लाल नेमकं काय आहे ते आधी विचारा.

ग्रेडिंग, म्हणजे माल किती चांगल्या स्थितीत आहे त्याची श्रेणी, रेकॉर्डचं वेगळं आणि कव्हरचं वेगळं असतं. व्हीजी प्लस (खूप चांगलीच्या जरा वरची श्रेणी) च्या खालची मी घेत नाही, अगदीच दुर्मिळ असली तर गोष्ट वेगळी. रंगीत रेकॉर्डचा आवाज वाईट असतो हे सरसकट खरं नाही, प्रेसिंग नीट झालंय का त्यावर जास्त अवलंबून, अंधारात चमकणाऱ्या आणि तबकडीवरच चित्र असलेल्या मात्र बऱ्याचदा खरखरतात.

बाहेरून मागवताना किमतीत शिपिंग आणि कस्टम धरूनच हिशोब करा, दोघातिघांनी मिळून मागवलं तर शिपिंग वाटून जातं. विकणाऱ्याला सांगा की रेकॉर्ड कव्हरातून काढून बाहेर ठेवून पॅक कर, नाहीतर वाटेत हादरे बसून कव्हरची शिवण आतून फाटते.

घरी आल्यावर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. पुसायला टॉवेल घेऊ नका, गाव टेरी टॉवेलचं असलं तरी, त्याचे तंतू खोबणीत बसतात, मायक्रोफायबर घ्या. आणि उन्हाळा! आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, काच लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर रेकॉर्डचं पीव्हीसी प्लास्टिक वाकायलाच बसलेलं असतं. माझी एक पिवळी अशीच गेली, दहा मिनिटात येतो म्हणून सीटवर ठेवून नवी पेठेत उतरलो, दोन तासानं आलो तर कडा पापडासारखी उचललेली. आता एप्रिल-मेमध्ये ऑर्डरच टाकत नाही, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत पार्सल हातात येईल असं बघून दिवाळीच्या सुमारास टाकतो.