काटक जिरेनियमची वाणं ओळखताना या चुका टाळा

‘रोझान’, ‘जॉन्सन्स ब्लू’ आणि ‘ब्रुकसाइड’ या काटक, म्हणजे कडक थंडी सोसणाऱ्या, जिरेनियमच्या वाणांच्या फुलांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर कोणतं कोणाचं हे भलेभले सांगू शकत नाहीत. तीच तीन रोपं वाफ्यात जवळजवळ लावून एक हंगाम पाहिली, की गोंधळ उरत नाही. ‘ब्रुकसाइड’ ताठ उभं राहतं, ‘रोझान’ लांब फांद्या टाकत शेजारच्या झाडांवर रेलतं आणि ‘जॉन्सन्स ब्लू’चा मुख्य बहर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच येऊन ओसरतो. फोटोत मात्र फक्त फूल दिसतं, आणि या वनस्पतीत फूलच सगळ्यात जास्त फसवतं. नाव ठरवायचं तर पान, देठावरची लव, वाढीची ढब, बहराचा काळ आणि बी धरतं की नाही, हे सगळं आधी पाहावं. रंगाकडे शेवटी वळावं.

आधी हे जिरेनियमच आहे ना?

“काटक म्हणून आणलं आणि पहिल्याच कडक थंडीत गेलं,” ही नेहमीची तक्रार. यातली बरीचशी रोपं मुळात पेलार्गोनियम असतात. खिडकीतल्या कुंड्यांत लाल-गुलाबी झुबक्यांनी फुलणारं ‘जिरेनियम’ पेलार्गोनियमच, आणि सुगंधी तेलासाठी लावतात तेही पेलार्गोनियमच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दोन्ही एकाच प्रजातीत घातली होती. 1789 मध्ये लेरिटिए या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण बाजाराने जुनं नाव सोडलं नाही.

फरक ओळखणं सोपं आहे. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. फूल कसंही फिरवा, तसंच दिसतं. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा आकाराने किंवा खुणांनी वेगळ्या असतात. पाकळ्यांवरून खात्री पटली नाही तर फुलाचा देठ बोटांत धरून नीट पाहा. पेलार्गोनियममध्ये मधाची नळी देठालाच चिकटलेली असते आणि ती जिथे संपते तिथे बारीकसा उंचवटा लागतो. जिरेनियमच्या देठावर असं काही नसतं. दाट पाकळ्यांच्या, दुहेरी फुलांच्या रोपात ही खूण फार कामाला येते.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. खरं जिरेनियम म्हणजे थंडी सोसणारंच, असं नाही. मदेइरा बेटाचं ‘मदेरेन्से’ जातीचं रोप अस्सल जिरेनियम आहे, तरी त्याला कडक थंडी झेपत नाही.

रंगावर भरवसा ठेवू नका

जिरेनियमचे निळे-जांभळे रंग कॅमेऱ्याला नीट पकडता येत नाहीत. एकाच रोपाचा एक फोटो गडद निळा येतो, दुसरा गुलाबीकडे झुकतो. त्यात हवामानाची भर. ‘रोझान’चं फूल गारव्यात निळं आणि उष्ण दिवसांत जांभळट दिसतं. पाकळ्या जुन्या होतात तसा रंग आणखी सरकतो. एका फुलाचा फोटो टाकून “हे कोणतं?” असं विचारलं, तर उत्तर देणारा कितीही जाणकार असला तरी तो अंदाजच सांगतो.

ओळख विचारायची असेल तर चार फोटो द्या: फूल समोरून, तेच फूल मागून (निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दलं, आणि देठ दिसतील असं), बुंध्याजवळचं पूर्ण वाढलेलं पान आणि अख्खं झुडूप. पान बुंध्याजवळचंच हवं. फुलांच्या दांड्यावरची पानं वर जातील तशी लहान आणि साधी होत जातात. त्यांच्यावरून दोन वेगळी वाणं सारखी वाटतात आणि एकच वाण दोन वाटतं. बाजूला मोजपट्टी ठेवली तर फारच उत्तम.

निळ्यांचा घोळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘जॉन्सन्स ब्लू’ हा ‘हिमालयेन्से’ आणि ‘प्रातेन्से’ या दोन जातींचा संकर. ‘हिमालयेन्से’ बुटकं, जमिनीखालून मुळं पसरवत जाणारं, मोठ्या उथळ फुलांचं. त्याच्या फुलाच्या मध्याशी हलकी लालसर झाक असते. ‘प्रातेन्से’ उंच, ताठ, बारीक चिरलेल्या दातेरी पानांचं. संकराचं पान या दोघांच्या मधलं: ‘हिमालयेन्से’पेक्षा जास्त चिरलेलं, पण ‘प्रातेन्से’इतकं नाही. ते वांझ आहे, त्याला बी धरत नाही. त्यामुळे ‘जॉन्सन्स ब्लू’च्या बियांचं पाकीट कुठे दिसलं, तर आत दुसरंच काहीतरी आहे हे न उघडता समजावं. घरचं ‘जॉन्सन्स ब्लू’ फुलं गळल्यावर चोचीसारखी भरलेली फळं धरत असेल आणि ती पिकून बी उडत असेल, तर लेबल चुकलेलं आहे. बहुतेक वेळा ते साधं ‘हिमालयेन्से’ किंवा ‘प्रातेन्से’चं रोपटं निघतं.

‘रोझान’ हे ‘हिमालयेन्से’ आणि ‘वालिचियानुम’ जातीच्या ‘बक्स्टन्स व्हरायटी’ या वाणाचं अपत्य. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या एका बागेत ते आपसूक उगवलं, 2000 मध्ये बाजारात आलं आणि 2013 मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या चेल्सी प्रदर्शनात शतकातली वनस्पती म्हणून निवडलं गेलं. हेही वांझ आहे, आणि म्हणूनच उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून थंडी पडेपर्यंत फुलत राहतं. बी करण्यात त्याची ताकद खर्च होत नाही. मध्यभाग पांढुरका असतो, पण त्याची कड धूसर असते. फांद्या लांब पसरतात, मात्र जमिनीला टेकल्या तरी मुळं धरत नाहीत. सगळा पसारा एकाच गड्ड्यातून निघतो. फांदी उचलून मागोवा घेत बुंध्यापर्यंत गेलं की हे कळतं.

‘बक्स्टन्स व्हरायटी’ आणि ‘रोझान’ यांचीही अदलाबदल होते. ‘बक्स्टन्स’च्या फुलात पांढरा मध्य मोठा आणि ठसठशीत असतो, बहर उशिरा सुरू होतो आणि बी भरपूर धरतं. ‘वालिचियानुम’ची आणखी एक खूण म्हणजे पान जिथे फांदीला जुळतं तिथली रुंद, जोडलेली उपपर्णं, म्हणजे पानाच्या तळाशी येणारी छोट्या पानांसारखी अंगं. ती इतकी ठळक असतात, की एकदा पाहिली की विसरत नाहीत.

‘जॉली बी’ या नावाने काही वर्षं एक रोप विकलं जात होतं. आज ते ‘रोझान’हून वेगळं मानत नाहीत. ‘रोझान’ असताना मुद्दाम ‘जॉली बी’ शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘अझ्युर रश’ मात्र खरंच निराळं: ‘रोझान’पासूनच निघालेलं, पण आटोपशीर आणि फिकट निळं. जागा कमी असेल तर मी हेच सुचवेन.

‘ब्रुकसाइड’मध्ये ‘प्रातेन्से’ आणि ‘कश्मीर पर्पल’ या वाणाचं रक्त आहे. पानं अगदी बारीक चिरलेली, झुडूप दोन फुटांच्या आसपास उभं. ‘ओरायन’ हे त्याचंच रोपटं. त्याची फुलं मोठी. फुलांत घोळ झाला तर आधी पानांकडे पाहा. ‘ब्रुकसाइड’चं पान ‘रोझान’च्या रुंद, अंगावर फिकट ठिपके असलेल्या पानाशी कुणीही गल्लत करणार नाही.

भिंगाचा कंटाळा करू नका

गडद जांभळी, ठळक शिरांची फुलं आणि मऊ केसाळ गोलसर पानं दिसली, की तीन नावं समोर येतात: ‘इबेरिकुम’, ‘प्लाटिपेटालुम’ आणि त्या दोघांचा संकर ‘माग्निफिकुम’. फुलांवरून यांचा निकाल लागत नाही. देठावरून लागतो, आणि त्यासाठी दसपट दाखवणारं साधं भिंग पुरतं.

उमललेल्या फुलाचा देठ उजेडाकडे आडवा धरा. काही केसांच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखा इवलासा गोळा दिसेल. ही ग्रंथी, तिच्यातला द्रव चिकट असतो. बाकीचे केस नुसतेच टोकदार. ‘इबेरिकुम’च्या देठावर गोळा नसलेले केसच सापडतात. ‘प्लाटिपेटालुम’वर गोळेवालेच. दोन्ही प्रकार एकत्र असतील, लांब साध्या केसांच्या मधून आखूड गोळेवाले डोकावत असतील, तर ते ‘माग्निफिकुम’. बी धरत नसेल तर शंकाच उरत नाही. बाजारात या तिघांपैकी कोणत्याही नावाने बहुधा ‘माग्निफिकुम’च हाती पडतं.

‘सिल्वातिकुम’ आणि ‘प्रातेन्से’ यांच्यासाठी तर भिंगही लागत नाही. पाकळ्या गळल्यावर देठ कुठे वळतात ते पाहा. ‘प्रातेन्से’चे देठ कच्च्या फळासकट खाली झुकतात, ‘सिल्वातिकुम’चे वरच राहतात. म्हणून बहर संपला की लगेच छाटणीची कात्री चालवू नका. ओळख पटवायची असेल तर निदान एक दांडा आठवडाभर ठेवा.

लेबल बरोबर होतं, पण फूल बदललं

तीन-चार वर्षांपूर्वी खात्रीने आणलेलं ‘वॉर्ग्रेव्ह पिंक’ आता निम्मं फिकट आणि निम्मं शिरांचं फुलतं, असं झालं तर रोपवाटिकेला दोष देऊ नका. हा ‘ऑक्सोनियानुम’ गटाचा स्वभाव आहे. हा गट ‘एंड्रेसी’ आणि ‘व्हर्सिकलर’ यांच्या संकरातून आला. पहिल्याची फुलं बहुतेक एकसारखी गुलाबी, दुसऱ्याची पांढरी आणि त्यांवर किरमिजी जाळी. संकराला भरपूर बी धरतं, बी तिथेच पडतं आणि रोपटी आईच्या बेटातच वाढतात. ती आईसारखी निघतीलच असं नाही. बहुतेक जास्त जोमदार असतात आणि हळूहळू मूळ वाण दाबून टाकतात. ‘वॉर्ग्रेव्ह पिंक’ (नारिंगी झाकेचं गुलाबी), ‘ए. टी. जॉन्सन’ (रुपेरी गुलाबी) आणि ‘क्लॅरिज ड्रूस’ (मोठं, गडद शिरांचं) ही तिन्ही जवळ लावली असतील तर काही वर्षांत मधली सगळी छटा-मिसळ तयार होते.

उपाय बहरातच करावा लागतो. जी फांदी हव्या त्या रंगाची फुलते तिच्या बुंध्याशी रंगीत दोरा बांधा. बहर संपला की बी पिकण्याआधी सगळं झुडूप जमिनीलगत छाटा; नवी पानं लवकर येतात. मग बेट उपसून दोरा बांधलेला भागच स्वच्छ जागी लावा, बाकीचं काढून टाका. जुन्या जागी मातीत बी उरलेलंच असतं, म्हणून तिथे त्याच गटातलं दुसरं वाण लगेच लावू नये.

‘फेउम’ या जातीतही हेच. पानावर तपकिरी डाग दिसला की लोक त्याला ‘सामोबोर’ हे वाण म्हणून मोकळे होतात. क्रोएशियातल्या सामोबोरजवळ सापडलेल्या त्या रोपाच्या पानावर खरोखरच गडद, रुंद पट्टा असतो. पण डाग या जातीत अनेक रोपांवर असतात आणि बियांतून पुढे उतरतात. बियांपासून आलेल्या डागाळ पानांच्या रोपाला ‘सामोबोर’ म्हणणं चूकच. ‘प्रातेन्से’च्या पांढऱ्या-निळ्या शिंतोड्यांच्या ‘स्ट्रियाटुम’चीही काही रोपटी साधी निळी निघतात. ‘मिसेस केंडल क्लार्क’चं प्रकरण तर आणखी अवघड. जुन्या वर्णनात हे फूल मोतिया करडं, गुलाबी झाक असलेलं म्हटलंय. आज त्या नावाने मिळतं ते निळसर जांभळं, फिकट शिरांचं. तुमचं रोप जुन्या वर्णनाशी जुळत नाही म्हणून परत करायला जाऊ नका.

चटकन वेगळ्या करता येणाऱ्या जोड्या

‘अॅन फोकार्ड’ आणि ‘अॅन थॉमसन’: दोन्ही एकाच आईबापांची, दोन्ही किरमिजी आणि काळ्या मध्याची. पहिलं दूरवर पसरतं आणि त्याची कोवळी पानं पिवळसर हिरवी असतात, दुसरं आटोपशीर. काळा मध्य दिसला आणि झुडूप कमरेएवढं ताठ उभं असेल, तर ते बहुधा ‘सिलोस्टेमॉन’.

‘माक्रोरायझुम’ आणि ‘कांताब्रिजिएन्से’ या दोघांची पानं चुरगाळली की उग्र वास येतो, त्यामुळे वासावरून ठरवू नका. पहिल्याची पानं मोठी, मऊ, किंचित चिकट. दुसऱ्याची लहान, चकचकीत आणि झुडूप वीतभर उंचीचं. या दुसऱ्यातलं ‘बायोकोव्हो’ लांब धुमारे टाकत विरळ पसरतं, ‘सेंट ओला’ दाट आणि पांढरंशुभ्र उमलतं. जमीन झाकायची असेल तर मला ‘सेंट ओला’ उजवं वाटतं.

हवं तेच वाण मिळवताना

मागणी करताना पूर्ण नाव सांगा, जात आणि वाण दोन्ही. नुसतं ‘निळं जिरेनियम’ म्हटलं तर हाताशी असेल ते मिळतं. रोप बियांपासून केलंय की गड्डा फोडून, हे आवर्जून विचारा. नाव असलेल्या वाणासाठी बियांपासून केलेलं रोप घेऊ नये. शक्यतो फुलात असताना घ्या आणि कुंडीत नीट पाहा. एकाच कुंडीत दोन प्रकारची पानं दिसली, तर आत आगंतुक रोपटं शिरलेलं आहे.

लावताना विक्रेत्याच्या प्लास्टिकच्या पट्टीवर विसंबू नका, त्यावरची अक्षरं उन्हात उडतात. पेन्सिलीने लिहिलेली ॲल्युमिनियमची पट्टी बुंध्याशी पुरा आणि वहीत वाफ्याचा साधा नकाशा काढून ठेवा. आणि ज्या रोपाचं नाव सगळं पाहूनही ठरत नाही, त्याच्या पट्टीवर जितकं नक्की आहे तितकंच लिहा: ‘ऑक्सोनियानुम, गुलाबी, अनामिक’. अंदाजाने वाणाचं नाव लिहिलं, की पुढे त्याचा तुकडा ज्याला द्याल त्याच्या बागेत ते खरं होऊन बसतं.