जुनं घर, लेड पेंट आणि काँट्रॅक्टरचं सर्टिफिकेट: अमेरिकेत घराचं काम काढण्याआधी हे बघा

न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागो सगळीकडेच आपल्या लोकांनी जुनी घरं घेतलीयत, शाळा चांगली, ट्रेन जवळ, मग घर १९२५ चं असलं तरी चालतं. आणि मग वर्षभरात खिडक्या बदलायच्या, किचन तोडायचं, बाहेरून रंग मारायचा असं सुरू होतं. काँट्रॅक्टर शोधताना आपण रेट बघतो, रिव्ह्यू वाचतो, इन्शुरन्स आहे का तेही विचारतो, पण लेडचं, म्हणजे शिसं असलेल्या जुन्या रंगावर सुरक्षित काम करण्याचं, सर्टिफिकेट आहे का हे फार कमी जण विचारतात. घरात रांगतं मूल असेल किंवा कुणी प्रेग्नंट असेल तर खरं म्हणजे हाच प्रश्न पहिला पाहिजे.

सुरुवात घराच्या वयापासून करा. घरात लेड पेंट वापरायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधी बांधलेलं घर असेल तर लेड आहे असंच धरून चालायचं. ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, अंदाज असा की १९४० आधीच्या ८७ टक्के घरांत कुठे ना कुठे लेड पेंट आहे, १९४० ते १९५९ मधल्या ६९ टक्के घरांत, आणि १९६० ते १९७७ मधल्या २४ टक्के घरांत. वर नंतर कितीही कोट मारले तरी खालचा थर तिथेच असतो. रंग नीट चिकटलेला असेल तर सहसा धोका नसतो, खरा त्रास सुरू होतो तो घासला, कापला, खरवडला की, आणि जुन्या लाकडी खिडक्यांमध्ये तर नुसतं वर-खाली सरकवून सुद्धा धूळ पडते. ती डोळ्यांना दिसेल इतकी नसतेच, फ्लोअरवर बसते, मूल हात टेकतं आणि तोच हात तोंडात जातो. लेडचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून ही एवढी कटकट करायची.

आता नियम. ईपीएचा आरआरपी नावाचा नियम आहे, म्हणजे रिनोव्हेशन, रिपेअर आणि पेंटिंग, २२ एप्रिल २०१० पासून लागू. पैसे घेऊन १९७८ आधीच्या घरात किंवा डेकेअरसारख्या जागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो, मग तो पेंटर असो, प्लंबर असो, इलेक्ट्रिशियन असो नाहीतर हँडीमॅन. आतमध्ये एका खोलीत ६ स्क्वेअर फुटापेक्षा जास्त रंग हलणार असेल, किंवा बाहेर २० पेक्षा जास्त, तर नियम आलाच. ६ स्क्वेअर फूट म्हणजे २ बाय ३ चा तुकडा, ड्रायवॉलला एक बरं भोक पाडलं तरी तेवढं होतं. आणि खिडकी बदलायची असेल तर किती का छोटी असेना, नियम लागतोच.

सर्टिफिकेट दोन असतात आणि इथेच लोक फसतात. एक कंपनीचं, आणि दुसरं प्रत्यक्ष कामावरच्या एका माणसाचं, ज्याला सर्टिफाइड रिनोव्हेटर म्हणतात. दोन्ही मागायची, तारीख बघायची. कंपनीचं ५ वर्षांनी संपतं, माणसाचं ५ किंवा ३, रिफ्रेशर कोर्स पूर्ण ऑनलाइन केला असेल तर ३. "आमच्याकडे स्टेटचं होम इम्प्रूव्हमेंट लायसन्स आहे" असं कुणी सांगितलं तर ते वेगळं, त्याने लेडचं भागत नाही. कंपनीचं नाव ईपीएच्या साइटवर स्वतः टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मॅसॅच्युसेट्स, नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन, वॉशिंग्टन, ओरेगन अशा काही स्टेट्स हा प्रोग्रॅम स्वतः चालवतात, तिथे स्टेटच्या यादीत बघायचं. सगळ्या क्रूला सर्टिफिकेट लागत नाही, पण धोक्याच्या सूचनेचा बोर्ड लावताना, प्लास्टिक अंथरताना आणि शेवटच्या सफाईला तो सर्टिफाइड माणूस स्वतः हजर पाहिजे, बाकी वेळ निदान फोनवर तरी. आणि काम सुरू व्हायच्या आधी त्यांनी तुम्हाला "रिनोव्हेट राइट" नावाचं पँफ्लेट देऊन तुमची सही घ्यायची असते. ते दिलंच नाही तर माझ्या मते तिथेच थांबा, जो एक कागद देत नाही तो धूळ काय सांभाळणार.

स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करत असाल तर सर्टिफिकेट लागत नाही. पण घर भाड्याने दिलंय, टू-फॅमिली घेऊन वर आपण आणि खाली भाडेकरू आहेत, किंवा विकायला म्हणून घर घेऊन दुरुस्त करताय, तर हातात ब्रश तुमचाच असला तरी नियम तुम्हालाही लागतो. भाडेकरूच्या युनिटमध्ये शनिवार-रविवारी स्वतः सँडिंग करणारे आपल्यातले बरेच जण आहेत, त्यांना हे माहीतच नसतं. न्यू जर्सीत तर जुलै २०२२ पासून अजून एक कायदा आहे, १९७८ आधीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची लेड तपासणी करून लेड-सेफ सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ते २ वर्षं चालतं.

असं भाड्याचं किंवा विकायचं घर असेल तर सर्टिफाइड रिनोव्हेटरचा कोर्स करूनच टाका, अवघड काही नाही. ८ तासांचा एक दिवस, त्यात २ तास हाताने करून बघायचं, शेवटी टेस्ट. मग फर्म म्हणून ईपीएकडे अर्ज, फी ३०० डॉलर. एकटेच असाल तरी फर्मचं वेगळं घ्यावंच लागतं.

कामाच्या दिवशी काय बघायचं ते सांगतो, कारण कागद बरोबर असून काम गचाळ असंही होतं. खोलीतलं सामान बाहेर काढलेलं किंवा प्लास्टिकने झाकलेलं, एसी-हीटिंगचे व्हेंट बंद करून टेप लावलेली, दारावर प्लास्टिक, खाली जिथे रंग काढणार तिथून चारी बाजूंना निदान ६ फूट प्लास्टिक, बाहेरचं काम असेल तर जमिनीवर १० फूट. व्हॅक्यूम हेपाच, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचाच पाहिजे, दुकानातला साधा शॉप-व्हॅक बारीक धूळ मागून परत हवेत सोडतो. सँडर किंवा ग्राइंडर चालवायचा असेल तर त्याला हेपा व्हॅक्यूम जोडलेला हवा. टॉर्च लावून रंग जाळणं साफ बंद, हीट गनही ११०० डिग्री फॅरेनहाइटच्या वर नाही. तुम्ही आणि मुलं त्या भागात जायचंच नाही, जमलं तर तेवढे दिवस मित्राकडे राहा.

केमिकलबद्दल थोडं जास्त सांगतो कारण सँडिंग नको म्हणून लोक पेंट स्ट्रिपरकडे वळतात आणि तिथे दुसरंच संकट उभं राहतं. गॅरेजमध्ये पडलेल्या जुन्या डब्यांवर मिथिलीन क्लोराइड लिहिलंय का ते आधी बघा. त्याची वाफ हवेपेक्षा जड, बाथरूमसारख्या बंद जागेत खाली साचते, शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि बाथटबचा रंग काढताना काम करणारी माणसं जागीच गेल्याच्या घटना अमेरिकेत झाल्यात. ईपीएने २०१९ मध्ये असे स्ट्रिपर सामान्य ग्राहकाला विकणं बंद केलं आणि २०२४ मध्ये बहुतेक धंद्यातल्या वापरावरही बंदी घातली. त्यामुळे असा डबा निघाला तर वापरू नका, कचऱ्यात किंवा सिंकमध्येही नको, काउंटी किंवा गावाच्या हॅझर्डस वेस्टच्या दिवशी देऊन टाका. काँट्रॅक्टर जे केमिकल आणणार त्याची सेफ्टी डेटा शीट मागा, १६ सेक्शन असतात, त्यातला दुसरा म्हणजे धोका काय, चौथा म्हणजे फर्स्ट एड आणि आठवा म्हणजे ग्लोव्ह आणि मास्क कुठला, एवढे तीन वाचले तरी पुष्कळ. साध्या कापडी मास्कने ना लेड थांबतं ना वाफ, रेस्पिरेटर मास्कला धुळीसाठी एक कार्ट्रिज (फिल्टरची डबी) आणि वाफेला वेगळी लागते.

काम संपल्यावर नुसतं झाडून गेले तर चालत नाही. सगळीकडे हेपा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं, आणि त्यानंतर सर्टिफाइड माणूस ओल्या पांढऱ्या कापडाने फ्लोअर आणि खिडकीची सिल पुसून ते कापड एका कार्डाशी लावून बघतो, कार्डापेक्षा काळं दिसलं तर परत सफाई. हे तुमच्यासमोर करायला सांगा. मूल लहान असेल तर मी म्हणेन वर थोडे पैसे घालून बाहेरच्या माणसाकडून डस्ट वाइपची लॅब टेस्ट करून घ्या, कार्डापेक्षा तिचा भरवसा जास्त.

सर्टिफिकेट मागायला संकोच करू नका. डिसेंबर २०२० मध्ये होम डेपोसारख्या कंपनीला याच नियमाखाली २ कोटी साडेसात लाख डॉलरचा दंड भरावा लागला, कारण त्यांनी पाठवलेल्या काँट्रॅक्टरांकडे सर्टिफिकेट नव्हतं. काम नियमाबाहेर चाललंय असं दिसलं तर थांबवा, फोटो काढा आणि १-८००-४२४-५३२३ वर फोन करा, ती सरकारी लेडची हॉटलाइन आहे.

आधीच काम होऊन गेलं असेल आणि शंका येत असेल तर पेडिॲट्रिशियनकडून मुलाची ब्लड लेड टेस्ट करा. न्यू जर्सीत १ आणि २ वर्षं वयाला ती करायचीच असते, आणि सीडीसीने, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेने, २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा ठरवलाय, तेवढं किंवा जास्त आलं तर पुढचं बघायचं. आकडा वाढलेला आला तर डॉक्टरांना घरातलं सिंदूर, भारतातून आणलेली सुट्टी हळद आणि भस्मं घातलेली आयुर्वेदिक औषधं यांबद्दलही सांगा, त्यांतही लेड सापडलेलं आहे आणि इथले डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असं नाही.

कागद जपून ठेवा. काय काम केलं, सफाई कशी तपासली याची नोंद काँट्रॅक्टरने शेवटच्या बिलाबरोबर किंवा काम संपल्यापासून ३० दिवसांत, जे आधी होईल तेव्हा, तुम्हाला द्यायची असते आणि स्वतःकडे ३ वर्षं ठेवायची असते. पुढे घर विकायला काढाल तेव्हा लेडबद्दल जे काही माहीत आहे ते आणि असलेले सगळे रिपोर्ट घेणाऱ्याला द्यावे लागतात, त्याला तपासणीसाठी १० दिवस मिळतात, आणि त्या वेळी ही फाइल हाताशी असेल तर वकिलाशी होणारे बरेच फोन वाचतात.