मुलावर अत्याचाराचा संशय आला? दवाखान्यात नेण्याआधी या चुका टाळा

पहिली चूक घरातच होते. आधी आई विचारते, मग आज्जी, मग मामा, मग शाळेतल्या बाई: "त्यानंच हात लावला ना? खरं सांग!" असं चारचौघांनी खोदून विचारलं की मूल एकतर गप्प होतं, नाहीतर मोठ्यांना हवं ते बोलायला लागतं. जाणकार डॉक्टर "काय झालं, सांगशील?" एवढंच विचारतात आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर उतरवतात. तुम्हीही ते आपणहून बोलेल तेवढं ऐका, "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" म्हणा आणि त्याचेच शब्द तारीख-वेळ घालून वहीत लिहून ठेवा.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर अंघोळ घालू नका, कपडे भिजत टाकू नका. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. अंगावरचे नमुने शक्यतो 72 तासांत, फार तर 96 तासांपर्यंत घेतात. तेवढा वेळ उलटून गेला तरी मुलाला न्यायचंच, कारण जखमा, संसर्ग आणि मनावरचा घाव यांवर उपचार लागतातच.

"आधी पोलिसात जाऊन या" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कोल्हापुरात थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) गाठा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 27 प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधीही तपासणी होते. मुलगी असेल तर तपासणारी डॉक्टर स्त्रीच हवी आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ हवं. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून तपासणं) कुणी करू लागलं तर ठाम नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती पुन्हा एकदा निषिद्ध ठरवली आहे. आणि घरच्या अब्रूसाठी "पोलिसांना कळवू नका" अशी गळ डॉक्टरांना घालू नका. कलम 19 नुसार कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि माहिती असलेल्या तुमच्यावरही. त्यासाठी पुरावा हातात असावा लागत नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती "रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे काही झालंच नाही" या समजाची. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीही आढळत नाही. गुप्तांगाची जखम काही दिवसांत भरून येते, आणि कित्येकदा जखम झालेलीच नसते. म्हणून मुलाचं सांगणंच सर्वांत महत्त्वाचं.

मारहाणीच्या संशयात डॉक्टर आधी पाहतात ते हे, की सांगितलेली हकीकत आणि मुलाचं वय जुळतं का. जे बाळ अजून कुशीवरही वळत नाही, ते "पलंगावरून पडलं" कसं? कानामागे, मानेवर, पोटावर वळ आहेत का, वरच्या ओठाच्या आतली पट्टी फाटली आहे का, असं डोक्यापासून तळपायापर्यंत पाहिलं जातं. दोन वर्षांखालच्या मुलाच्या सगळ्या हाडांचे एक्स-रे काढतात. रक्त गोठण्याच्या तपासण्याही होतात, कारण उलटी चूकही तितकीच वाईट: काही आजारांत जरा धक्क्यानेही काळंनिळं होतं किंवा हाड मोडतं. कमरेवरचे जन्मजात निळसर डाग म्हणजे मार नव्हे. बिब्ब्याचा चटका दिला असेल तर तसं स्पष्ट सांगा. लपवलंत की बाकीच्या हकीकतीवरचाही विश्वास उडतो.

हेळसांडीचा निवाडा त्याहून अवघड. हंगामात ऊसतोडीच्या फडावर बाळाला पाचटाच्या सावलीत ठेवणारी आई बेफिकीर नसते, तिला दुसरा आसराच नसतो. तिथे वजनाचा तक्ता आणि लसीचं कार्ड पाहून डॉक्टरांनी तिला अंगणवाडीशी जोडून द्यावं, तिच्यावर ठपका ठेवू नये.

शेवटची चूक म्हणजे दुसरी फेरी चुकवणं. हाडाची ताजी चीर पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही; साधारण दोन आठवड्यांनी, हाड जुळू लागलं की ती दिसते. ती तारीख केसपेपरवर लिहून घ्या.