प्रोग्राम क्रॅश होतो तेव्हा: लिनक्स, मॅकओएस आणि विंडोजवर काय करायचं

सी किंवा सी++ मधला प्रोग्राम क्रॅश होतो त्या क्षणी त्याच्या मेमरीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून क्रॅश हँडलरमध्ये (क्रॅश होताच चालणाऱ्या कोडमध्ये) युजरचं काम सेव्ह करायला जाऊ नका. बिघडलेला डेटा चांगल्या फाइलवर लिहिला जाण्याचा धोका असतो. डेटा आधीच राखून ठेवायचा, क्रॅशच्या वेळी फक्त नोंद सोडून बंद व्हायचं आणि पुन्हा सुरू करण्याचं काम बाहेरच्यावर सोपवायचं.

फाइल आधीच सांभाळा

साधारण ३० सेकंदांनी ऑटोसेव्ह करा, पण मूळ फाइलवर थेट नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहा, एफसिंक करा (डेटा खरंच डिस्कवर लिहायला लावा), मग रीनेम करून मूळ फाइलच्या जागी आणा. फोल्डर तोच हवा, कारण रीनेम एकाच फाइलसिस्टिमच्या आत चालतं. टेम्प फोल्डर दुसऱ्या डिस्कवर असला की ते फसतं. नुसत्या क्रॅशसाठी एफसिंकची गरज नाही, लिहिलेलं कर्नेलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) शाबूत राहतं. एफसिंक हवं ते लाइट गेली तर. मॅकओएसवर साधं एफसिंक ड्राइव्हच्या कॅशेपर्यंतच खात्री देतं, म्हणून तिथे एफ-फुलएफसिंक वापरा. विंडोजवर फ्लशफाइलबफर्स आणि मग रिप्लेसफाइल. अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली तर शेअरिंगची एरर येते. १०० मिलिसेकंद थांबून तीन-चारदा पुन्हा प्रयत्न करा.

लिनक्स आणि मॅकओएस: सिग्नल

सिगसेगव्ही, सिगबस, सिगएफपीई, सिगइल आणि सिगॲबर्ट या पाच सिग्नलांसाठी (चूक झाली की प्रोग्रामला मिळणारे इशारे) सिगॲक्शनने हँडलर लावा. फ्लॅग तीन: एसए-सिगइन्फो, एसए-ऑनस्टॅक, एसए-रीसेटहँड.

सगळ्यात जास्त चुका होतात हँडलरच्या आत. समजा, क्रॅश मॅलॉकच्या (मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या) आतच झाला. त्या वेळी मॅलॉकचं लॉक लागलेलं असतं. हँडलरमधला प्रिंटएफ मेमरी मागायला जातो आणि त्याच लॉकपाशी थांबतो. ते सोडू शकणारा थ्रेड तोच, आणि तोच अडकलेला. क्रॅशऐवजी युजरसमोर गोठलेली विंडो राहते, आणि डम्पही (क्रॅशच्या वेळच्या मेमरीची प्रतही) बनत नाही. म्हणून हँडलरमध्ये मुख्यतः राइटच (थेट फाइलमध्ये लिहिणारा कॉल) वापरा. लॉगची फाइल प्रोग्राम सुरू होतानाच उघडून डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) हाताशी ठेवा. बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं त्याची यादी) घेणार असाल तर तो सुरुवातीला एकदा रिकामाच बोलवा. ग्लिबसीमध्ये (लिनक्सच्या सी लायब्ररीत) पहिल्या वेळी तो लायब्ररी लोड करतो आणि त्यात मॅलॉक येतो.

नोंद झाली की तोच सिग्नल रेझ करून हँडलरमधून बाहेर पडा. रीसेटहँडमुळे आता मूळ वागणूक लागू होते: कोर डम्प बनतो आणि शेलला खरा एक्झिट कोड मिळतो, सिगसेगव्हीला १३९, ॲबॉर्टला १३४. रीसेटहँड विसरलात तर हँडलर संपल्यावर प्रोग्रामची तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा क्रॅश, पुन्हा हँडलर, आणि प्रोसेसरचा एक कोर १०० टक्क्यांवर अडकतो. १३७ दिसला तर हँडलरमध्ये शोधू नका. तो सिगकिल, पकडता येत नाही. बहुतेकदा मेमरी संपल्याने कर्नेलने मारलेलं असतं. डीमेसेज (कर्नेलचा लॉग) पाहा.

स्टॅक ओव्हरफ्लोमध्ये (फंक्शन कॉलसाठीची मेमरी संपल्यावर) हँडलरला चालायलाच जागा उरत नाही. त्यासाठी सिगऑल्टस्टॅकने ६४ केबीचा वेगळा स्टॅक द्या, आणि प्रत्येक थ्रेडला द्या. मुख्य थ्रेडला दिलेला बाकीच्यांना लागू होत नाही.

शून्याने पूर्णांक भागला की इंटेलवर सिगएफपीई येतो. एआरएम-६४ वर, म्हणजे नव्या मॅकवरही, भागाकाराची सूचना गुपचूप शून्य देते. तिथे सिग्नलची वाट न पाहता भाजक आधीच तपासा.

विंडोज

इथे हँडलर लावायला सेटअनहँडल्डएक्सेप्शनफिल्टर. पण ॲबॉर्ट, चुकीचे पॅरामीटर आणि प्युअर व्हर्च्युअल कॉल त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. त्यांचे सी रनटाइमचे हँडलर वेगळे लावावे लागतात. फेल-फास्ट (प्रोग्राम जागीच बंद करणारा मार्ग) तर कोणत्याच फिल्टरला जुमानत नाही. त्यामुळे आमचा सल्ला असा की विंडोज एरर रिपोर्टिंगची लोकलडम्प्स की रजिस्ट्रीत एचकेएलएमखाली (पूर्ण मशीनच्या सेटिंगखाली) लावा. त्यात तुमच्या ईएक्सईच्या नावाची सबकी करा. डम्पटाइप १ म्हणजे मिनी, २ म्हणजे पूर्ण. डम्पकाउंट मूळचा १० असतो. हा डम्प बाहेरची प्रोसेस लिहिते, म्हणून तो जास्त भरवशाचा.

लिनक्सवर तेच काम सिस्टिमडी-कोरडम्प करतं. कोरडम्पसीटीएल लिस्ट करून पाहा. ते नसेल तर यूलिमिट (कोर फाइलच्या आकाराची मर्यादा) शून्य नाही ना, हे आधी तपासा. मॅकओएसचे रिपोर्ट होम फोल्डरच्या लायब्ररीत, लॉग्जखाली डायग्नोस्टिकरिपोर्ट्समध्ये सापडतात. प्रत्येक रिलीजची पीडीबी, डीसिम किंवा डीबग फाइल (पत्त्यांना फंक्शनची नावं जोडणारी) जपून ठेवा. तीच बिल्ड पुन्हा कंपाइल करून जुळेलच असं नाही, आणि तिच्याविना डम्पमध्ये नुसते पत्ते दिसतात.

पुन्हा सुरू करणं

लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीमध्ये रीस्टार्ट ऑन-फेल्युअर ठेवा. मूळ सेटिंगमध्ये १०० मिलिसेकंदांनी रीस्टार्ट होतो आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू झाला की पुढे थांबतो. सुरू होताच पडणारी सर्व्हिस त्यामुळे क्षणात कायमची बंद होते. रीस्टार्टसेक (रीस्टार्टआधीची वाट) ५ केलंत की उलटंच होतं: १० सेकंदांत पाच वेळा होतच नाही आणि फेरा कधीच थांबत नाही. म्हणून स्टार्टलिमिटइंटर्व्हलसेकही (ती १० सेकंदांची मुदत) १२० पर्यंत वाढवा. विंडोजच्या डेस्कटॉप प्रोग्रामसाठी रजिस्टरॲप्लिकेशनरीस्टार्ट आहे. प्रोग्राम किमान ६० सेकंद चाललेला असेल तरच ते पुन्हा सुरू करतं.

ऑटोसेव्हची फाइल उघडतानाच क्रॅश होत असेल तर मात्र रीस्टार्टने काहीच सुटत नाही. उघडण्याआधी एक छोटी खूणफाइल बनवा, नीट उघडली की पुसा. सुरू होताना खूण सापडली तर ती फाइल आपोआप उघडू नका, युजरला विचारा.

चाचणी किल कमांडने बाहेरून सिग्नल पाठवून भागवू नका. नल पॉइंटरवर खरंच लिहा, अंत नसलेलं रिकर्शन चालवा, ॲबॉर्ट बोलवा. आणि हे तिन्ही मुख्य थ्रेडवर एकदा, दुसऱ्या थ्रेडवर एकदा.